दारावर फ्रान्सचा झेंडा, आत कोणाचं राज्य? फ्रेंच दूतावास आणि वकिलातींची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ शक्य तेवढे काढलेत, सगळे नाही.)

आजचा विषय मला एका फोनमुळे मिळाला. फोन होता साताऱ्याच्या मावशीचा, आणि वेळ होती रात्री साडेदहाची. आमच्याकडे मावशी रात्री साडेदहाला फोन करते तेव्हा एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलेलं असतं. यावेळी दोन्ही नव्हतं. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, फ्रान्समधल्या ल्यों शहरात मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. पेढे वाटून झाले होते. आणि मग एक एजंट घरी येऊन चहा पिऊन गेला होता.

मावशी म्हणाली, “अगं, तो म्हणतो फ्रेंच कॉन्सुलेटमध्ये त्याचा माणूस आहे. चाळीस हजारात काम करून देतो म्हणाला. पंधरा दिलेत आत्ता. तू पॉडकास्ट करतेस ना, मग सांग, ती वकिलात नक्की करते तरी काय? आणि तिथं ओळख लागते का?”

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. दूतावास, कॉन्सुलेट, व्हिसा सेंटर, कॅम्पस फ्रान्स, आलियाँस फ्राँसेज... माझ्या डोक्यात या सगळ्याची एकच भाजी झाली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची असेल. म्हणून मग मी वाचायला बसले. व्हिसापासून सुरुवात केली आणि पोहोचले पार पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

उत्तर मराठी शब्दातच आहे

पहिली गोष्ट. कॉन्सुल वेगळा, काउन्सिल वेगळी. आपण बोलताना सर्रास गल्लत करतो. काउन्सिल म्हणजे परिषद. कॉन्सुल म्हणजे परदेशातल्या एखाद्या शहरात आपल्या देशाचं रोजचं काम बघणारा अधिकारी.

आता सरकारी मराठीतला शब्द बघा. एम्बसीला आपण म्हणतो दूतावास आणि कॉन्सुलेटला म्हणतो वाणिज्य दूतावास. हे ‘वाणिज्य’ कुठून आलं? तिथं तर पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखले चालतात. दुकान नाही की बाजार नाही.

तर हा शब्द जुना इतिहास सांभाळून बसलाय. दूत आणि राजदूत हे राजाने राजाकडे पाठवलेले लोक. कॉन्सुल मात्र व्यापाऱ्यांमधून उगवला. भूमध्य समुद्राच्या बंदरांत, म्हणजे अलेक्झांड्रिया, अलेप्पोच्या बाजूला, मार्सेयचे फ्रेंच व्यापारी कापड, मसाले, रेशीम यांचा धंदा करायचे. तिथं भांडण झालं, कुणी मेला, कुणाचं जहाज अडकलं, तर निस्तरणार कोण? त्यासाठी बंदरात एक फ्रेंच कॉन्सुल असायचा. सोळाव्या शतकात ऑटोमन सुलतानांनी फ्रेंच व्यापाऱ्यांना सवलती दिल्या आणि या कॉन्सुलांचं वजन वाढलं. पुढे चौदाव्या लुईच्या काळात, १६८१ साली, फ्रान्सनं सागरी व्यवहाराचा एक मोठा कायदा केला. कॉन्सुलने काय करायचं आणि काय नाही, याचे नियम त्यात आले.

म्हणजे सोपं सूत्र असं. राजदूत सरकारशी बोलतो, कॉन्सुल माणसांचं बघतो. राजदूत एका देशात एकच असतो आणि तो राजधानीत बसतो. भारतात फ्रान्सचा दूतावास नवी दिल्लीत, चाणक्यपुरीत शांतिपथावर आहे. नवा राजदूत आला की तो राष्ट्रपतींना आपलं अधिकारपत्र सादर करतो. कॉन्सुलेट मात्र एका देशात अनेक असू शकतात. फ्रान्सची भारतात मुंबई, कोलकाता, बंगळुरू आणि पुद्दुचेरी इथं मोठी वाणिज्य दूतावासं आहेत. आपल्या महाराष्ट्राचं आणि गोव्याचं काम मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून चालतं.

जगभर बघितलं तर फ्रान्सचे दीडशेहून जास्त दूतावास आहेत. फार थोड्या देशांकडे एवढं मोठं जाळं आहे.

कंटाळलेला लेखक आणि वाळूत सापडलेला राजवाडा

इथं थोडं विषयांतर करते, कारण हे मला फार आवडलं.

कॉन्सुलची नोकरी म्हणजे दूरच्या एखाद्या बंदरात वर्षानुवर्षं बसून राहणं. सोबत कागद, शिक्के आणि भरपूर मोकळा वेळ. स्तांदाल हा फ्रेंच कादंबरीकार माहितीये? त्याचं खरं नाव आंरी बेल. तो १८३१ पासून थेट १८४२ मध्ये मरेपर्यंत इटलीतल्या चिविताव्हेक्किया बंदरात फ्रान्सचा कॉन्सुल होता. त्या नोकरीला तो भयंकर कंटाळायचा, पण पगार तिथूनच यायचा.

पोल-एमिल बोता नावाचा एक कॉन्सुल १८४२ मध्ये इराकमधल्या मोसुलला गेला. त्यानं जवळच्या टेकाडांवर खोदकाम सुरू केलं आणि १८४३ मध्ये खोर्साबादला त्याला असिरियाचा राजा दुसरा सार्गोन याचा राजवाडाच सापडला. तिथले पंखवाले प्रचंड बैल आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभे आहेत. आणि ज्यानं सुएझ कालवा काढला तो फर्दिनां द लेसेप्स? तोही तरुणपणी, १८३० च्या दशकात, इजिप्तमध्ये फ्रेंच कॉन्सुलेटमध्येच कामाला होता. तिथं जमलेल्या ओळखी पुढे कालव्याची परवानगी मिळवताना कामी आल्या.

म्हणजे कॉन्सुलच्या टेबलामागचा माणूस कधी साधा कारकुनी करतो, कधी जगाचा नकाशा बदलतो. पण टेबल तेच, आणि शिक्काही तोच.

पुण्यात आलेला फ्रेंच वकील

आता शनिवारवाडा. आपली आजी-आजोबांची पिढी एम्बसीला ‘वकिलात’ म्हणायची. का? कारण मराठेशाहीत वकील म्हणजे कोर्टातला काळा कोटवाला नाही. वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी. पेशव्यांचे वकील हैदराबादला, दिल्लीला असायचे आणि तिथल्या बित्तंबातम्या पत्रांतून पुण्याला कळवायचे. आज राजदूत आपल्या सरकारला जे गोपनीय अहवाल पाठवतो ना, तेच काम.

तर १७७७ साली पुण्यात एक फ्रेंच माणूस आला. शेव्हालिए द सँ-ल्युबँ. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो ‘सेंट ल्युबिन’ म्हणून भेटतो. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत असं तो सांगत होता. नाना फडणवीसांनी त्याचं स्वागत केलं. तिकडे मुंबईचे आणि कलकत्त्याचे इंग्रज हादरले. अमेरिकेत त्यांच्या वसाहतींनी बंड केलेलं, फ्रान्स त्या बंडाला मदत करतोय, आणि आता पुण्याच्या दरबारात फ्रेंच वकील! मराठ्यांना फ्रेंच बंदुका आणि फ्रेंच बंदर मिळालं तर?

गंमत म्हणजे सँ-ल्युबँच्या हातात प्रत्यक्षात तो सांगत होता तेवढे अधिकार नव्हते. इतिहासकार त्याला मुत्सद्द्यापेक्षा साहसी उपद्व्यापी माणूसच मानतात. शेवटी १७७८ मध्ये नानांनी त्याला निरोप दिला. फ्रेंच फौज काही आली नाही. पण इंग्रजांची भीती खरी होती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांनी पुण्यावर फौज काढली, त्यामागच्या कारणांत ही फ्रेंच भीतीही होती. ती फौज पुढे वडगावला कशी अडकली ते तुम्ही शाळेत शिकलाय.

ही गोष्ट का सांगितली? कारण ‘माझी वर ओळख आहे’ असं सांगणारे तेव्हाही होते. आणि म्हणूनच आजच्या जगात नियम कडक आहेत. राजदूताला अधिकारपत्र लागतं. कॉन्सुललाही यजमान देशाची लेखी मान्यता मिळावी लागते, त्याशिवाय त्याला काम सुरू करता येत नाही.

ती जमीन फ्रान्सची असते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. सिनेमात हिरो धावत एम्बसीच्या गेटमधून आत शिरतो आणि पोलीस बाहेर थांबतात. त्यावरून आपण ठरवून टाकलंय की आतली जमीन त्या देशाची.

नाही. शांतिपथावरची फ्रेंच दूतावासाची जमीन भारताचीच आहे. फरक इतकाच की तिथं भारतीय पोलीस परवानगीशिवाय पाऊल टाकू शकत नाहीत. १९६१ च्या व्हिएन्ना करारात हे लिहिलंय: दूतावासाची जागा अनुल्लंघनीय. यजमान देशानं आत शिरायचं नाही, उलट तिचं रक्षण करायचं. कॉन्सुलेटसाठी १९६३ चा वेगळा व्हिएन्ना करार आहे आणि त्यातलं संरक्षण थोडं कमी आहे. उदाहरणार्थ, कॉन्सुलेटला आग लागली आणि तातडीनं आत जाणं गरजेचं असेल तर तिथल्या प्रमुखाची संमती गृहीत धरता येते. तसंच राजदूताला अटक करता येत नाही, पण कॉन्सुल अधिकाऱ्याला गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशानं अटक होऊ शकते.

जमीन कोणाची हा प्रश्न किती महागात पडू शकतो, त्याचं एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली आणि पोहत फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. तिथल्या फ्रेंच शिपायानं त्यांना पकडलं आणि बोटीवरच्या ब्रिटिशांच्या हवाली केलं. नंतर फ्रान्सनं म्हटलं, आमच्या भूमीवरून माणूस असा नेता येत नाही, परत द्या. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला: ताब्यात देताना अनियमितता झाली, पण ब्रिटननं सावरकरांना परत करायची गरज नाही. त्याच मार्सेयमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतानं आपलं वाणिज्य दूतावास उघडलं.

पण कागदावरचा नियम आणि बंदुकीचा धाक समोरासमोर आले तर? याचं उत्तर नोम पेन्हमध्ये मिळतं.

१७ एप्रिल १९७५. कंबोडियाची राजधानी ख्मेर रूजच्या हाती पडली. लाखो लोकांना शहराबाहेर हाकललं जात होतं. शेकडो परदेशी आणि कितीतरी कंबोडियन लोक फ्रेंच दूतावासाच्या आवारात शिरले. तिथं जबाबदारी होती ज्याँ दिराक या कॉन्सुलवर. राजदूत नव्हता. ख्मेर रूजनं सांगितलं, ही जागा आम्ही दूतावास वगैरे मानत नाही. कंबोडियन लोकांना बाहेर काढा, नाहीतर आम्ही आत येतो.

आत होते माजी पंतप्रधान सिसोवाथ सिरिक मताक. आत होते संसदेचे अध्यक्ष उंग बुन हर. आणि आत होते साधे नवरे, साध्या आया, लहान मुलं. दिराक यांना गेट उघडावं लागलं. सिरिक मताक यांना बाहेर नेण्यात आलं आणि ते जिवंत राहिले नाहीत. ज्या फ्रेंच बायकांचे नवरे कंबोडियन होते, त्या नवऱ्यांनाही जावं लागलं. कुणाच्या खिशात फ्रेंच पासपोर्ट आहे, एवढ्यावर कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरत होतं.

तुम्ही ‘द किलिंग फील्ड्स’ हा १९८४ चा सिनेमा बघितला असेल, तर त्यातला पासपोर्टच्या फोटोचा प्रसंग आठवा. तो याच आवारातला. डिथ प्रान या कंबोडियन पत्रकाराला वाचवण्यासाठी त्याच्या परदेशी मित्रांनी पासपोर्टमध्ये फेरफार करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. प्रान बाहेर पडला, चार वर्षं छळछावण्यांतून तगला आणि १९७९ मध्ये सीमेपार निसटला. उरलेल्या परदेशी लोकांना ट्रकमधून थायलंडच्या सीमेवर सोडण्यात आलं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. भिंत कधीच कुणाला वाचवत नाही. दोन्ही बाजूंनी पाळलेला शब्द वाचवतो. एका बाजूनं तो मोडला की गेट म्हणजे फक्त लोखंड.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नायजरची राजधानी नियामे. २६ जुलै २०२३ ला तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेंच राजदूत सिल्व्हँ इते यांना देश सोडायला सांगितलं. फ्रान्स म्हणाला, तुम्ही वैध सरकारच नाही, आम्ही ऐकणार नाही. मग राजदूत आत आणि बाहेर सैनिकांचा पहारा. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी जाहीर सांगितलं की आपला राजदूत लष्करी शिध्यावर दिवस काढतोय. सप्टेंबरच्या शेवटी इते परतले आणि जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सनं तिथला दूतावास बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे एवढी मोठी सत्ता असली तरी यजमानाच्या मर्जीशिवाय दूतावास चालत नाही.

परदेशात अटक झाली तर?

आता कॉन्सुलेटचं सगळ्यात मोलाचं काम. १९६३ च्या करारातलं ३६ वं कलम. ते म्हणतं: परदेशी माणसाला अटक केली, तर त्याला ताबडतोब सांगा की तुला तुझ्या कॉन्सुलेटशी संपर्क करायचा हक्क आहे. त्यानं मागणी केली तर कॉन्सुलेटला उशीर न करता कळवा. मग कॉन्सुल तुरुंगात भेटू शकतो, वकील बघून देऊ शकतो.

फ्लोरांस कासे ही फ्रेंच तरुणी डिसेंबर २००५ मध्ये मेक्सिकोत अपहरणाच्या आरोपाखाली पकडली गेली. पोलिसांनी अटक केल्यावर टीव्हीसाठी अटकेचं पुन्हा नाटक वठवलं आणि देशानं ते थेट प्रक्षेपण समजून बघितलं. फ्रेंच कॉन्सुलेटला मात्र वेळेवर कळवलं नाही. तिला ६० वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही देशांचे संबंध इतके बिघडले की २०११ चं फ्रान्समधलं ‘मेक्सिको वर्ष’ रद्द झालं. शेवटी २३ जानेवारी २०१३ ला मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयानं तिला सोडलं. ती निर्दोष आहे असा तो निकाल नव्हता. तिचे हक्क तुडवले गेले असा होता, आणि कॉन्सुलेटला वेळेत न कळवणं हे त्यातलं एक मोठं कारण होतं. एक फोन. तो वेळेत झाला असता तर कदाचित सात वर्षांची गोष्ट वेगळी असती.

हेच ३६ वं कलम तुम्ही बातम्यांत ऐकलंय. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला पाकिस्ताननं याच कलमाचा भंग केल्याचं सांगितलं. ‘कॉन्सुलर अ‍ॅक्सेस’ हा शब्द तेव्हा घराघरात पोहोचला.

पण मर्यादाही ऐका. कॉन्सुल तुम्हाला तुरुंगातून सोडवू शकत नाही. तुमचं हॉटेलचं बिल भरत नाही. तिथल्या न्यायाधीशाला आदेश देऊ शकत नाही. तो फक्त बघतो की तुमच्याशी तिथल्या कायद्यानं नीट वागलं जातंय ना.

पुद्दुचेरीचं कॉन्सुलेट इतकं वेगळं का?

मुंबईत कॉन्सुलेट असणं समजतं. व्यापार आहे, विद्यार्थी आहेत, पर्यटक आहेत. पण पुद्दुचेरीसारख्या लहान शहरात एवढं मोठं फ्रेंच कॉन्सुलेट कशाला?

कारण तिथं फ्रेंच नागरिक राहतात. गोरे पर्यटक म्हणत नाहीये मी. तमीळ बोलणारे, इडली खाणारे, कपाळाला विभूती लावणारे फ्रेंच नागरिक.

झालं असं. पुद्दुचेरी, कारैकल, माहे, यानम या फ्रेंच वसाहती १ नोव्हेंबर १९५४ ला प्रत्यक्षात भारताकडे आल्या. करारावर सही झाली २८ मे १९५६ ला, पण फ्रान्सच्या संसदेची मंजुरी लांबली आणि करार लागू झाला १६ ऑगस्ट १९६२ ला. त्यात एक कलम होतं. तिथं जन्मलेले आणि तिथंच राहणारे फ्रेंच नागरिक आपोआप भारतीय होणार. पण ज्यांना फ्रेंच राहायचंय त्यांनी सहा महिन्यांच्या आत तसं लेखी कळवायचं.

सहा महिने. विचार करा. तुमचे वडील फ्रेंच सैन्यात होते, पेन्शन फ्रान्समधून येते, शेजारी म्हणतोय आता भारतच आपला. काय लिहाल? काही हजार लोकांनी फ्रेंच राहायचं ठरवलं. काहींना त्या कलमाचा अर्थच नीट कळला नाही. त्यामुळे आज एकाच आडनावाचे चुलत भाऊ एकाच गल्लीत राहतात आणि एकाकडे निळा भारतीय पासपोर्ट, दुसऱ्याकडे तांबडा युरोपीय, असं चित्र दिसतं. एका कागदानं, किंवा न दिलेल्या कागदानं, पुढच्या पिढ्यांचं ठरलं.

मग त्या कॉन्सुलेटचं काम काय? जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी. पासपोर्ट. निवृत्त सैनिकांच्या पेन्शनची कागदपत्रं, आपल्याकडच्या हयातीच्या दाखल्यासारखी. अशा निवृत्तांना तिथं ‘सोल्दा’ म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये सैनिक. फ्रान्सबाहेर झालेल्या अशा नोंदी पुढे नांत शहरातल्या एका मध्यवर्ती कार्यालयात जमा होतात. पुद्दुचेरीत जन्मलेल्या बाळाचा फ्रेंच जन्मदाखला हजारो किलोमीटरवरच्या नांतमधून मिळतो!

आणि मतदान. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला पुद्दुचेरीत मतदान केंद्र लागतं, रांगा लागतात. २०१२ पासून तर परदेशातले फ्रेंच नागरिक स्वतःचे ११ खासदारही निवडतात. भारत त्यातल्या ११ व्या मतदारसंघात येतो. त्याच मतदारसंघात रशिया, चीन, जपान, ऑस्ट्रेलियाही आहे. प्रचाराला विमानाचा पास काढावा लागत असेल!

आपल्याकडे परदेशातला भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्याला गावी यावं लागतं. तुलना तुम्हीच करा.

मग मावसभावाचं काय झालं?

परत साताऱ्याला येऊ. मी मावशीला फोन केला आणि स्पीकरवर पूर्ण घराला समजावलं. तुमच्याही कामाचं आहे, म्हणून क्रमानं सांगते.

एक. शिक्षणासाठी जायचं असेल तर पहिलं दार कॅम्पस फ्रान्सचं. ही फ्रेंच सरकारची संस्था. तिथं ऑनलाइन फाइल भरायची, मुलाखत द्यायची.

दोन. मग व्हिसाचा अर्ज ‘फ्रान्स-व्हिसा’ या अधिकृत संकेतस्थळावर. बोटांचे ठसे आणि कागदपत्रं द्यायला व्हीएफएसच्या केंद्रात जायचं. हे लोक कागद घेतात, मोजतात, पुढे पाठवतात. निर्णय ते घेत नाहीत. काउंटरवरच्या मुलीला कितीही गोड बोललात तरी तिच्या हातात काही नाही.

तीन. निर्णय कॉन्सुलेटमधल्या फ्रेंच अधिकाऱ्यांचा. ते तुमचा प्रवेश, पैसे, राहायची सोय आणि हेतू बघतात. नकार आला तर कारण लेखी मिळतं, आणि अपील कुठं व किती दिवसांत करायचं हेही त्यातच लिहिलेलं असतं. ते पत्र फेकू नका.

चार. फिरायला जाताय? मग शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याची फी ९० युरो आहे. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथं तुम्ही सर्वात जास्त दिवस राहणार. ‘फ्रान्सचा लवकर मिळतो’ म्हणून फ्रान्सकडे अर्ज करून सगळे दिवस इटलीत काढायचे, हे चालत नाही.

पाच. आलियाँस फ्राँसेज, जिथं पुण्या-मुंबईत आपण फ्रेंच शिकतो, ती १८८३ मध्ये पॅरिसला सुरू झालेली भाषा-संस्कृतीची चळवळ. तिथं व्हिसा मिळत नाही. क्रोआसाँ मिळाला तर मिळाला.

आणि सहा. पोहोचल्यावर तुमची काळजी फ्रेंच कॉन्सुलेट घेणार नाही, कारण तुम्ही त्यांचे नागरिक नाही. तिथं तुमचं माणूस म्हणजे पॅरिसचा भारतीय दूतावास, आणि आता मार्सेयचं कॉन्सुलेट. त्यांचा नंबर निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा. अडचणीत तक्रार नोंदवायला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे.

मावशीनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे त्या एजंटचा माणूस कुठं बसतो?”

म्हटलं, “मावशी, कुठंच नाही. तो सँ-ल्युबँ आहे.”

“कोण?”

“सांगेन सावकाश.”

मावसभावानं फाइल स्वतः भरली. दोनदा चुकला, दोनदा दुरुस्त केली. मुलाखतीला त्यानं ल्योंच का, हे आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. व्हिसा आला. पंधरा हजार काही परत आले नाहीत, एजंटनं फोन उचलणं बंद केलं. मावशी म्हणते, “असू दे, पोराची फी समज.” मी म्हणते ती पोराची नाही, आपल्या सगळ्यांच्या अज्ञानाची फी होती.

म्हणून एक विनंती. हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याच्या घरी सध्या कुणीतरी ‘ओळखीनं करून देतो’ म्हणत चहा पितंय. पंधरा हजार वाचले तर त्यातून आपल्याला नुसता एक कटिंग पाजा, बास.

पुद्दुचेरीत कुणाचे फ्रेंच नातेवाईक असतील, किंवा कुठल्याही देशाच्या कॉन्सुलेटचा बरावाईट अनुभव असेल, तर नक्की लिहून कळवा. पुढच्या भागात वाचेन.

तोवर काळजी घ्या, पासपोर्टची आणि स्वतःचीही. भेटू!